पिल्सनमधील पानादेरिया

शिकागो शहराच्या मध्यभागापासून थोडी नैर्ऋत्येस पिल्सन नावाची जुनी वस्ती आहे. तेथील अठराव्या रस्त्यालगतच्या एका लहानशा मेक्सिकन बेकरीत (स्पॅनिशमध्ये तिला पानादेरिया म्हणतात) आम्ही एका सकाळी गेलो. आत शिरताच फळीवरचा एक गोड पाव हाताने उचलू लागलो, तोच मागे उभ्या असलेल्या आजीबाईंनी आम्हांस हलकेच थांबवले आणि पत्र्याचे एक तबक व चिमटा हाती दिला. गिऱ्हाइकाने चिमट्याने पाव निवडून तबकात घ्यावेत आणि तबक गल्ल्यापाशी न्यावे, ही तेथली रीत. आजीबाईंना इंग्रजी येत नव्हते, आम्हांस स्पॅनिश. शेवटी त्यांनीच दोन नग आमच्यासाठी निवडले.

नावे मोठी गमतीची. शिंपल्याची नक्षी असलेला तो 'कोंचा', म्हणजे शिंपला. पापुद्र्यांचा 'ओरेहा' म्हणजे कान, 'क्वेर्नो' म्हणजे शिंग. डुकराच्या पिलाच्या आकाराचा 'मार्रानितो' तर चक्क गुळाचा. तो गूळही आपल्यासारखाच उसाचा, मात्र ढेपेऐवजी शंकूच्या साच्यात थिजवलेला.

या फळ्यांवरचा गहू मेक्सिकोचा नव्हे. तेथल्या मूळ रहिवाशांचे अन्न मका आणि मक्याची भाकरी. गहू आला तो १५२१ च्या स्पॅनिश विजयानंतर, जेत्यांच्या जिभेसाठी आणि चर्चमधील प्रसादासाठी, कारण तो गव्हाचाच असावा लागे. त्या भूमीत पहिला गहू आपण पेरला, असा दावा हुआन गारिदो याने १५३८ मध्ये स्पेनच्या राजाकडे केलेल्या अर्जात नोंदवला आहे. हा गारिदो जन्माने आफ्रिकन होता. तांदळाच्या पोत्यात सापडलेले तीन दाणे त्याने पेरले, अशी कथा पुढे रूढ झाली.

फ्रेंचांचे प्रकरण याहून विचित्र. मेक्सिको शहराजवळील ताकुबाया येथल्या एका फ्रेंच मिठाईवाल्याने, सैनिकांनी दुकान लुटले म्हणून ६०,००० पेसो भरपाई मागितली, असे सांगतात. इतर तक्रारी मिळून फ्रान्सने ६,००,००० पेसो मागितले आणि १८३८ मध्ये वेराक्रूझ बंदराची नाकेबंदी करून तोफा डागल्या. त्या धुमश्चक्रीत सेनापती सांता आन्नाचा पाय गेला. या लढाईस 'पेस्ट्रीचे युद्ध' असेच नाव पडले आहे. पुढे १८६२ ते १८६७ फ्रेंच फौजा पुन्हा आल्या, गेल्या. फ्रेंच वळणाचे पापुद्रे मात्र राहिले. लोकांनी त्यांना कान आणि शिंग म्हटले, आणि आमच्या मते त्याच दिवशी ते मेक्सिकन झाले.

आपल्यालाही हे अनोळखी नाही. गोव्याचा 'पोदेर' म्हणजे पोर्तुगीजांचा 'पादेइरो', आणि स्पॅनिश 'पानादेरो' त्याचा चुलतभाऊ. आपला 'पाव' आणि त्यांचा 'पान' ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरे. गोव्यात खमिराच्या जागी माडाची सूर वापरून पाव फुगवला गेला. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा तिकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. आज त्याच पावात वडा घालून आपण प्रवासाला निघतो.

पिल्सन हे नावही मेक्सिकन नाही, ते बोहेमियातील एका शहराचे. एकोणिसाव्या शतकात आलेल्या चेक लोकांनी ही वस्ती उभारली. त्यांचे १८९२ चे थालिया हॉल नाट्यगृह अजून उभे आहे. १९६० नंतर, विद्यापीठाच्या नव्या आवारासाठी शेजारच्या वस्तीतून उठवलेली मेक्सिकन कुटुंबे येथे आली. आता त्यांच्यावरही पाळी आली आहे. घरभाडी चढली आणि २००० ते २०१० या दशकात सुमारे दहा हजार लॅटिन अमेरिकी रहिवासी पिल्सन सोडून गेले.

गल्ल्यावरच्या मुलीस इंग्रजी येत होते. आजीबाईंबद्दल विचारता ती म्हणाली, "त्यांचे घर गेले. आता त्या दोन बस बदलून येतात, दर रविवारी." आजीबाईंनी तोवर तबक भरले होते. मुलीने नग मोजले: सोळा. नातवंडांची संख्या तेवढीच असावी, किंवा आठवडाभराची न्याहारी असावी. विचारणे आम्हांस जमले नाही. त्या पिशवी घेऊन बसथांब्याकडे गेल्या.