लाकडातली साखर

लाकडापासून साखर काढता येते म्हटले, की पुष्कळांना ती थट्टा वाटते. पण १८१९ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने जुन्या चिंध्या आणि लाकडाचा भुसा यांवर गंधकाम्लाची क्रिया करून साखर मिळवली होती. चिंध्यांपेक्षा साखरेचेच वजन अधिक भरले! यात जादू काही नाही. सेल्युलोजची लांब साखळी तुटते तेव्हा प्रत्येक दुव्याला पाण्याचा एक रेणू जोडला जातो. १६२ ग्रॅम सेल्युलोजपासून, हिशेबाने, १८० ग्रॅम साखर व्हायला हवी.

घोडे अडते लिग्निनपाशी. सेल्युलोजच्या धाग्यांभोवती ते गिलाव्यासारखे लिंपलेले असते. म्हणून तर झाड वाऱ्यापावसात ताठ उभे राहते. वाळवी आपल्या पोटातल्या सूक्ष्मजीवांच्या मदतीने लाकूड पचवते. आपल्याला मात्र आधी आम्ल, वाफ आणि दाब वापरून हा गिलावा सैल करावा लागतो. शास्त्रज्ञ याला पूर्वप्रक्रिया म्हणतात. सगळा खर्च आणि सगळी कटकट इथेच.

जर्मनीत फ्रेडरिक बर्गियस यांनी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून ही विद्या कारखान्यापर्यंत नेली. दुसऱ्या महायुद्धात तिथे लाकडाच्या साखरेपासून अल्कोहोल आणि यीस्ट बनत असे. युद्धात किंमत कोण विचारतो? शांतता आली, स्वस्त खनिज तेल आले आणि ही विद्या मागे पडली. मी राहतो त्या नवी मुंबईत, ठाणे-बेलापूर रस्त्यावर, १९६८ साली नोसिलचा कारखाना सुरू झाला तो नाफ्थ्यावर, म्हणजे तेलावरच.

पुढे तेल महागले, तशी जुनी विद्या पुन्हा आठवली. २०१७ साली पुण्याच्या प्राज कंपनीने दौंडजवळ प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. तिथे लाकडाऐवजी उसाची चिपाडे, भाताचा पेंढा, मक्याची बुरकुंडे घेतली. त्याच तंत्रावर इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प २०२२ साली सुरू झाला. वर्षाला दोन लाख टन पेंढा, तीन कोटी लिटर इथेनॉल, असे त्याचे गणित.

पण नुसत्या इथेनॉलवर हा धंदा तरेल, असे मला वाटत नाही. उरलेले लिग्निन बॉयलरमध्ये जाळून टाकले, तर पेंढा गोळा करण्याचाही खर्च निघणे कठीण. शेतकऱ्याच्या हाती काय पडणार, हे त्यावरच ठरेल. म्हणून मला नागपूरजवळची एक गोष्ट मोलाची वाटते. डिसेंबर २०२४ मध्ये मनसर येथे राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे एक किलोमीटर पट्ट्यात डांबरामध्ये लिग्निन मिसळून रस्ता करण्यात आला. आता त्यावरून ट्रक धावताहेत.