एका खणात न मावणारे गायक

लंडनमध्ये सोल आणि फोक यांच्या मिलाफातून जी गायकी घडली, तिला आता साठ वर्षे होऊन गेली. ती घडवणाऱ्यांत मिश्र वारशाचे कलावंत ठळकपणे दिसतात. आई एका खंडातली, वडील दुसऱ्या, आणि स्वतःचे वाढणे इंग्लंडातले. अशा गायकाचा शोध दर पिढीत नव्याने लागतो आणि दर वेळी तो पहिलाच असल्यासारखे लिहिले जाते. खरे तर त्यांची एक सलग परंपरा आहे आणि ती तशीच ऐकली पाहिजे.

मराठीत लोकगीत म्हटले की जात्यावरची ओवी आठवते. तिचा कर्ता कोणी एक नसतो. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकापासून ‘फोक’ या शब्दात गिटार घेऊन एकट्याने गायलेले, स्वतः रचलेले गाणेही येऊ लागले. सोल मात्र अमेरिकेतले. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल आणि रिदम अँड ब्लूज यांतून ते १९५०च्या दशकात आकाराला आले आणि रेकॉर्डवरून इंग्लंडात पोहोचले.

लंडनच्या फोक क्लबांत मिश्र वारशाच्या या मुलांना सहज जागा नव्हती. फोक गायक इवन मॅककॉल आणि पेगी सीगर यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या क्लबात एक नियम घातला होता : व्यासपीठावर उभे राहणाऱ्याने आपल्याच देशाची, आपल्याच भाषेतली गाणी म्हणावीत. हेतू चांगला होता. अमेरिकन गाण्यांची नक्कल थांबावी आणि ब्रिटिश बेटांवरची विस्मृतीत गेलेली गाणी वर यावीत, अशी त्यांची तळमळ होती. पण ज्याची आई गयानाची आणि वडील स्कॉटिश, त्याची ‘आपली’ गाणी कोणती? या प्रश्नाला त्या नियमात उत्तर नव्हते.

अशाच आईवडिलांचा एक तरुण त्याच काळात लंडनमध्ये वाजवत होता. डेव्ही ग्रॅहम (१९४०–२००८) याचा जन्म लेस्टरशरमधल्या हिंक्लीचा. मोरोक्कोत ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणाऱ्यांबरोबर साथ करता यावी म्हणून त्याने गिटारच्या तारा वेगळ्या सुरांत लावल्या. ‘डॅडगॅड’ नावाने ओळखली जाणारी ही जुळणी पुढे जगभरच्या फोक वादकांनी उचलली. १९६२ साली आलेली त्याची ‘अँजी’ ही रचना शिकू पाहणाऱ्या गिटारवादकांची जणू परीक्षाच ठरली. अमेरिकन गायक पॉल सायमननेही ती रेकॉर्ड केली. १९६४ मध्ये ससेक्सची गायिका शर्ली कॉलिन्स हिच्याबरोबर त्याने ‘फोक रूट्स, न्यू रूट्स’ हा अल्बम केला. इंग्रजी खेड्यातले गाणे आणि त्याला अरबी, जॅझ वळणांची गिटार असा हा मेळ होता. पुढच्या सगळ्यांसाठी वाट खुली झाली ती इथे.

ग्रॅहमचे खरे बळ बोटांत होते. गळा आणि शब्द घेऊन आला तो लाबी सिफ्री. १९४५ साली लंडनमध्ये जन्मलेल्या सिफ्रीचे वडील नायजेरियाचे. आईचा वारसा बार्बाडोस आणि बेल्जियमचा. १९६०च्या दशकात तो लंडनच्या सोहो भागातल्या क्लबात जॅझ गिटार वाजवत असे. १९७० ते १९७२ या काळात त्याचे तीन अल्बम आले. त्यांतली गाणी गिटारवर, हळू आवाजात, कानाशी बोलल्यासारखी आहेत, तरी सोलची ऊब त्यांत भरून आहे. ‘इट मस्ट बी लव्ह’ हे त्याचे गाणे १९७१ साली गाजले, पण आज बहुतेकांना आठवते ते मॅडनेस या बँडने दहा वर्षांनी गायलेले रूप. १९७५ सालच्या त्याच्या एका गाण्याच्या तुकड्यावर १९९९ मध्ये रॅपर एमिनेमचे गाणे उभे राहिले. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषावरचा माहितीपट पाहून लिहिलेले ‘समथिंग इनसाइड सो स्ट्राँग’ १९८७ साली ब्रिटनच्या खपाच्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचले. इतके करूनही त्याचे नाव मागेच राहिले. दुकानात रेकॉर्ड खणांत लावतात, एका खणात सोल, दुसऱ्यात फोक. सिफ्री कोणत्याच खणात नीट बसला नाही.

जोन आर्माट्रेडिंग मिश्र वंशाची नाही, तरी या परंपरेत तिला टाळता येत नाही. कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावर जन्मून ती लहानपणीच बर्मिंगहॅमला आली. गिटार घेतलेली कृष्णवर्णीय गीतकार स्त्री ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहांत जाऊ शकते, हे तिच्या ‘लव्ह अँड अफेक्शन’ने १९७६ मध्ये दाखवले. तिचे ऋण पुढच्या प्रत्येकीवर आहे. त्यांतलीच एक, वडील सेंट किट्सचे आणि आई इंग्रज असलेली लीड्सची कोरिन बेली रे २००६ साली पहिल्याच अल्बमने यादीच्या शिखरावर गेली.

त्यानंतर आली लिआन ला हावास. जन्म लंडनचा, १९८९ सालचा. आई जमैकन वंशाची, वडील ग्रीक. वडील बस चालवत आणि अनेक वाद्ये वाजवत. गिटारचे पहिले धडे त्यांनीच दिले. त्यांच्या व्लाहावास या आडनावावरून तिने रंगमंचावरचे नाव घेतले. सुरुवातीला ती गायिका पलोमा फेथ हिच्यामागे साथीला गात असे. ऑक्टोबर २०११ मध्ये जूल्स हॉलंडच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ती एकटी गिटार घेऊन गायली. त्याच भागात आलेल्या बॉन इव्हेर या अमेरिकन बँडने तिला आपल्या दौऱ्यावर नेले. २०१२ साली तिचा पहिला अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत चौथ्या क्रमांकावर आला आणि वर्षातल्या उत्तम अल्बमला मिळणाऱ्या मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोहोचला. पारितोषिकाच्या त्याच यादीत युगांडातून आलेल्या आईबापांचा मुलगा मायकेल किवानुका होता. गिटार आणि सोल यांचीच त्याचीही वाट. पुढे २०२० मध्ये हे पारितोषिक त्याला मिळाले.

२०१५चा ‘ब्लड’ हा अल्बम लिआनने जमैकाच्या प्रवासानंतर, आईकडचा धागा धरून केला. २०२० साली तिचा तिसरा अल्बम आला. त्याला तिने शीर्षक दिले ते फक्त आपले नाव : लिआन ला हावास.