रक्तवाहिन्यांवाचून जगणारी ऊती : कूर्चेची रचना, प्रकार आणि त्यांविषयीच्या समजुतींचा इतिहास

प्रस्तावना

कूर्चा अथवा उपास्थी ही हाडापेक्षा मऊ व लवचिक, परंतु अन्य संयोजी ऊतींपेक्षा ताठ अशी ऊती होय. तिच्यात सर्वसाधारणपणे रक्तवाहिन्या, लसीकावाहिन्या व चेतातंतू आढळत नाहीत. या वैशिष्ट्यामुळे ती जवळजवळ निर्जीव आहे, ती बिघडली तर सुधारत नाही, अशी धारणा दीर्घकाळ रूढ होती. ही धारणा शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथांपुरती राहिली असती तर तिचे महत्त्व मर्यादित ठरले असते. परंतु तिची किंमत विसाव्या शतकातील अनेक रुग्णांच्या गुडघ्यांना मोजावी लागली. प्रस्तुत लेखात या धारणेचा उगम व तिची फेरतपासणी यांचा मागोवा घेतला आहे.

प्राचीन व अर्वाचीन निरीक्षणे

सुश्रुतसंहितेत अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय व नलक असे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी तरुणास्थींची स्थाने नाक, कान, मान व नेत्रकोश ही होत. अस्थिभंगाच्या विवेचनात तरुणास्थी वाकतात, तर नलकास्थी मोडतात, असा भेद केलेला आहे. आघाताला पदार्थ कसा प्रतिसाद देतो यावर हे वर्गीकरण आधारलेले असून शस्त्रवैद्याच्या दृष्टीने ते उपयुक्त होते. मात्र तरुणास्थी म्हणजे आजची कूर्चा, असे सरसकट समीकरण मांडण्याचा मोह टाळलेला बरा. कारण नाकातील व कानातील कूर्चा आजच्या वर्गीकरणात दोन भिन्न प्रकारांत मोडतात.

युरोपात या विषयाला वळण मिळाले ते १७४३ साली. विल्यम हंटर यांनी वयाच्या पंचविसाव्या वर्षी सांध्यांतील कूर्चेची रचना व विकार यांवरील निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर मांडला. हाडावर उभ्या राहिलेल्या सूक्ष्म तंतूंची तुलना त्यांनी मखमलीच्या लवीशी केली. सांध्याच्या कडेने रक्तवाहिन्यांचे वलय असते, पण त्या कूर्चेत शिरत नाहीत, हेही त्यांनी नोंदविले. नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हे त्यांचे विधान पुढे वारंवार उद्धृत झाले.

थिओडोर श्वान यांनी १८३९ साली प्राणिपेशीचा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्यांच्या पुराव्यांत बेडकाच्या डिंभातील कूर्चेला मोठे स्थान होते. तिच्या पेशी वनस्पतिपेशींप्रमाणे स्पष्ट भित्तींनी वेगळ्या दिसत. जी ऊती निर्जीव समजली जात होती, तिनेच सजीवांच्या मूलघटकाचा पुरावा द्यावा, हा योगायोग लक्षणीय आहे. १८४१ साली जोसेफ टॉयन्बी यांनी कूर्चेचे पोषण लगतच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या द्रवाद्वारे होते, असे प्रतिपादन केले. रक्तवाहिन्यांचा अभाव म्हणजे जीवनाचा अभाव नव्हे, हे यातून सूचित झाले होते.

रचना व प्रकार

कूर्चेतील पेशी लहान कोटरांत विखुरलेल्या असतात. प्रौढ मानवाच्या सांध्यांतील कूर्चेत त्या आकारमानाच्या केवळ एक ते दोन टक्के भरतात. उर्वरित भाग पाणी, कोलॅजेन तंतू व पाणी धरून ठेवणारी प्रोटिओग्लायकॅन द्रव्ये यांचा असतो. तंतूंच्या स्वरूपावरून तीन प्रकार मानले जातात. काचाभ कूर्चा नाक, श्वासनलिका, बरगड्यांची टोके व सांध्यांचे पृष्ठभाग येथे असते; लवचिक कूर्चा कानाची पाळ व कंठच्छद येथे; तर तंतुमय कूर्चा मणक्यांमधील चकत्या आणि गुडघ्यातील अर्धचंद्राकृती पट्ट्या, म्हणजे मेनिस्कस, येथे आढळते. काचाभ कूर्चेत प्रामुख्याने ‘टाइप २’ कोलॅजेन असते. १९६९ साली मिलर व मटुकास यांनी कोंबडीच्या पिल्लाच्या कूर्चेत ते प्रथम ओळखले. तंतुमय कूर्चेत ‘टाइप १’ चे प्रमाण अधिक असते. सूक्ष्मदर्शकाखालील भेदाला अशा प्रकारे रासायनिक आधार मिळाला.

मेनिस्कसचा प्रश्न

एडिंबरोचे टॉमस ॲनंडेल यांनी १८८३ साली एका रुग्णाचा सुटलेला मेनिस्कस टाके घालून पूर्ववत जागी बसविला. म्हणजे दुरुस्तीचा मार्ग आधीच खुला झाला होता. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन ब्लंड सटन यांनी मेनिस्कस म्हणजे पायातील एका स्नायूचे निरुपयोगी अवशेष होत, असे मत मांडले. अवशेष निरुपयोगी, आणि कूर्चा भरून न येणारी. या दोन्ही मतांना एकमेकांचे बळ मिळाले. फाटलेला मेनिस्कस समूळ काढून टाकणे ही पुढील अनेक दशके सर्वमान्य शस्त्रक्रिया ठरली.

विरोधी पुरावा नव्हता, असे नाही. १९३६ साली डॉन किंग यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचलेली चीर भरून येते हे दाखविले. १९४८ साली टी. जे. फेअरबँक यांनी मेनिस्कस काढलेल्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे तपासून सांध्यातील अंतर कमी होणे, मांडीच्या हाडाचे टोक चपटे होणे व कडेला हाडाचा उंचवटा येणे हे बदल नोंदविले. मेनिस्कस भार वाहतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही प्रघात लगेच बदलला नाही. वेदना तत्काळ थांबत, झीज वर्षांनंतर दिसे. त्यामुळे शस्त्रक्रियेचे यश आणि तिचे अपयश एकाच शल्यविशारदाच्या नजरेस क्वचितच पडत असावे. १९८२ साली आर्नोक्झ्की व वॉरन यांनी मानवी मेनिस्कसच्या बाहेरील १० ते ३० टक्के भागात रक्तवाहिन्या असल्याचे सिद्ध केले. कूर्चेविषयीचा सर्वसामान्य नियम या तंतुमय प्रकाराला जसाच्या तसा लागू पडत नव्हता.

सांध्याच्या पृष्ठभागावरील काचाभ कूर्चेच्या बाबतीत मात्र हंटर यांचे विधान बव्हंशी टिकून राहिले. १९९४ साली स्वीडनमधील ब्रिटबर्ग व सहकाऱ्यांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून २३ जणांच्या गुडघ्यांत त्यांचे रोपण केल्याचे प्रसिद्ध केले. ऊतिपरीक्षणात मांडीच्या हाडावरील १५ पैकी ११ रोपणांत काचाभ स्वरूपाची कूर्चा दिसली. गुडघ्याच्या वाटीवरील ७ पैकी केवळ एकात.