एक नाव, वेगवेगळे मेंदू

मंडळी, आपल्याकडे म्हणतात, ‘साठी बुद्धी नाठी’. सुलतानपुरात काय किंवा शेजारच्या लोणारात काय, म्हातारं माणूस घराची वाट विसरलं की हे म्हणायचं आणि विषय संपवायचा. पण या आजाराचा इतिहास जिच्यापासून सुरू होतो, ती बाई साठीचीही नव्हती.

ऑगुस्टे डेटर. १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आली तेव्हा वय ५१. डॉ. अलॉइस अल्झायमर तिला स्वतःचं नाव लिहायला सांगत; तेही पुरं होत नसे. १९०६ मध्ये ती वारली. तिच्या मेंदूचे काप चांदीच्या क्षारांनी रंगवून पाहिले, तर दोन गोष्टी दिसल्या: पेशींबाहेर साठलेले डाग आणि पेशींच्या आत तंतूंचे गुंते. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढची नसते. त्याच वर्षी म्युनिकमध्ये योहान एफ. या नावाने नोंदलेला रुग्ण वारला. वय पन्नाशीतलं, स्मृतिभ्रंश तसाच. मेंदूत डाग भरपूर. पण गुंता एकही सापडेना! अल्झायमर यांनी हे लपवलं नाही, १९११ साली छापलं. म्हणजे बघा, नाव पडून वर्ष झालं नाही तोच अपवाद हजर. डॉक्टरांची नजर चुकली असेल, असं कोणी म्हणू शकलं असतं. पण त्या काचा कुणीतरी जपल्या होत्या. १९९० च्या दशकात त्या पुन्हा सापडल्या, तपासल्या, आणि गुंते खरंच नव्हते.

आता उलटं उदाहरण घ्या. अमेरिकेत ६७८ ख्रिस्ती नन्सनी मृत्यूनंतर मेंदू द्यायचं कबूल केलं. त्यांतल्या सिस्टर मेरी १०१ वर्षं जगल्या, शेवटपर्यंत स्मरणाच्या चाचण्यांत उत्तम. मेंदूत मात्र डागही होते, गुंतेही होते, आणि भरपूर.

आज आपल्याला कळतं की कुणाचे गुंते स्मृतीच्या भागात जास्त असतात, कुणाचे मागे, दृष्टीच्या भागात; कुणाच्या मेंदूत जोडीला रक्तवाहिन्यांचा विकार असतो. म्हणून ‘अमक्याच्या आजोबांचं असं नव्हतं’ ही तुलना घरात करू नका. त्यात आजारी माणसाची चूक शोधली जाते.

आणि हे सगळं कळलं ते मेंदू मिळाले म्हणून. बंगळूरच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. आपण नेत्रदानाबद्दल बोलतो. याबद्दलही घरात बोलायला हवं.