आई-बाबांबरोबर पाम स्प्रिंग्स : एक दिवसाची सहल

भारतातून आई-बाबा आले, डिस्नेलँड झाले, हॉलीवूड झाले, की "आता कुठे?" हा प्रश्न लॉस एंजेलिसमधल्या बहुतेक मराठी घरांत पडतो. आम्ही पाम स्प्रिंग्सला जायचे ठरवले आणि पहिल्या खेपेला फसलो. दोष गावाचा नव्हता, सहल निवडण्यात चूक झाली. म्हणून हा लेखनप्रपंच.

पाम स्प्रिंग्स इथून साधारण १०७ मैल, आय-१० फ्रीवेने पूर्वेला. रस्ता मोकळा असला तर दोन तास. स्वतः गाडी नेता येतेच. पण सॅन गोर्गोनियो खिंडीतल्या पवनचक्क्यांच्या रांगांकडे बाबा बोट दाखवत असतात आणि चालवणाऱ्याला नुसते "हो हो" म्हणावे लागते. म्हणून गाइडेड टूर बरी.

पहिल्यांदा स्वस्त बघून मोठ्या बसची टूर घेतली. पत्रकावर पाम स्प्रिंग्स ठळक अक्षरांत होते. प्रत्यक्षात कबझोनच्या आउटलेट मॉलमध्ये तीन तास आणि गावात जेमतेम एक! आई बाकावर बसून म्हणाली, "अरे, दुकानं ठाण्यातपण आहेत की." तेव्हा पैसे भरण्याआधी विचारून घ्या: मॉलमध्ये किती वेळ थांबणार? ट्रामचे तिकीट धरले आहे का? कॅन्यनमध्ये नेणार का, आणि तिथे चालणे किती? उत्तर ईमेलवर मागा.

दुसऱ्यांदा फेब्रुवारीत छोट्या व्हॅनने गेलो. तीच खरी सहल.

एरियल ट्रामवे म्हणजे आपला रोपवे. १९६३ साली सुरू झाला. २,६४३ फुटांवरून ८,५१६ फुटांवर साधारण दहा मिनिटांत नेतो. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षाही जास्त चढ, तोही उभ्या उभ्या! केबिनची जमीन हळूहळू फिरते, त्यामुळे खिडकीसाठी धक्काबुक्की नको. (आमच्यासारख्या इंजिनियर मंडळींसाठी: पाच टॉवरपैकी चार हेलिकॉप्टरने सामान वाहून उभारले, कारण तिथे रस्ताच नेता येत नव्हता.)

वर खालच्यापेक्षा ३० ते ४० अंश फॅरनहाइटने थंड असते, हिवाळ्यात बर्फही मिळतो. स्वेटर, कानटोपी हवीच. आणि हे महत्त्वाचे: वर पोचल्यावर बाबांना गरगरले. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. बसवले, पाणी दिले, पंधरा-वीस मिनिटांत बरे वाटले, पण तेवढ्या वेळात आमचीच छाती धडधडत होती. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. व्हिजिटर इन्शुरन्सचे कार्ड आणि गोळ्या व्हॅनमध्ये न ठेवता खिशात ठेवा.

आईला मात्र इंडियन कॅन्यन्स जास्त आवडले. हा भाग आगुआ कालिएंते या काहुइया लोकांच्या टोळीचा. नावाचा स्पॅनिशमधला अर्थ गरम पाणी, गावातल्या उन्हाळ्यावरून (म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावरून) पडलेला. एकोणिसाव्या शतकात सरकारने इथली जमीन एकेक मैलाच्या चौकोनांत विभागली, एक आड एक रेल्वेला आणि टोळीला. त्यामुळे आजही गावाचा बराच भाग बुद्धिबळाच्या पटासारखा टोळीच्या जमिनीवर आहे. गाइड नसता तर हे आम्हाला कळलेच नसते. अँड्रियास कॅन्यनमध्ये झरा, आणि कडेने इथलेच मूळचे पंख्यासारख्या पानांचे पाम. आई त्यांना ताडच म्हणत होती. वाळलेली पाने गळून न पडता बुंध्याभोवती घागऱ्यासारखी लोंबतात. झऱ्याकाठची वाट साधारण एक मैलाची, सावकाश चालले तर ज्येष्ठांना जमते.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात १०८-११० अंश नेहमीचेच, ५ जुलै २०२४ ला तर १२४ अंशांची नोंद झाली. त्या दिवसांत ज्येष्ठांना आणि लहान मुलांना नेऊच नका. कॅन्यन्सही तेव्हा रोज उघडे नसतात, आणि ट्राम दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास दुरुस्तीसाठी बंद असते. एप्रिलमध्ये जवळच्या इंडिओला कोचेला संगीत महोत्सव असतो, त्या शनिवार-रविवारी फ्रीवेवर अडकाल.

जेवणासाठी आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, शाकाहारी मंडळींनी तेच करावे. खजूर मात्र तिथलाच घ्या. या खोऱ्यात मेडजूल आणि डेगलेट नूर पिकतात. खजुराचा मिल्कशेक खूप गोड असतो, दोघांत एक पुरतो. बाबांनी मधुमेह नाही म्हणून एकट्याने संपवला, आणि परतीच्या वाटेवर पवनचक्क्या येईपर्यंत झोपले.