नासिर खुसरोची चिठ्ठी आणि भाच्याची तीन कार्डं

मागच्या रमजानमध्ये अम्मीनं उमऱ्याला जायचं मनावर घेतलं. माझा भाचा बंगळूरला नोकरी करतो. त्याला कळलं तसा तो म्हणाला, "मामू, तिकिटाचे पैसे कशाला भरता? कार्डं नीट निवडा. दीड वर्षात नानीचं आणि तुमचं, दोन्ही तिकिटं पॉइंटांवर निघतील."

ईदला आला तेव्हा त्यानं कागदावर तीन कार्डांचा मेळ मांडूनच दिला. पहिलं कार्ड असं, की त्याचे पॉइंट विमान कंपनीच्या मैलांत बदलता येतात. किराणा, फ्रिज-टीव्ही, मुलांची पुस्तकं, सगळा मोठा खर्च त्याच्यावर. दुसरं कार्ड परदेशी चलनावर जादा आकार न लावणारं. ते घरी असताना पाकिटातून बाहेर काढायचंच नाही, फक्त मक्का-मदिनेत वापरायचं. तिसरं बिनवर्गणीचं, पहिल्यावर ज्या खर्चाला पॉइंट मिळत नाहीत त्याच्यासाठी. हिशेबात खोट नव्हती. बऱ्याच कार्डांवर परदेशातल्या खर्चाला साडेतीन टक्के आकार लागतो, वर त्या आकारावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे लाख रुपये खर्च केले तर 4,130 रुपये नुसते हवेत. दुसऱ्या कार्डानं तेवढे वाचतात.

अम्मी तांदूळ निवडत ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "उधारीवर इनाम कोण देतो रे? आणि का?"

मला इतिहासाची खोड आहे. प्रश्न आला की मी मागे जातो. या प्रश्नानं मला 1050 सालात नेलं.

नासिर खुसरो हा मर्व्ह शहरातला सरकारी अधिकारी. 1046 मध्ये नोकरी सोडून तो जो निघाला तो सात वर्षं फिरत राहिला, आणि त्यानं 'सफरनामा' लिहिला. इजिप्तहून हजला जाताना तो असवानमार्गे वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरात पोहोचला आणि तिथं वाऱ्यासाठी तीन महिने अडकला. जवळचं सगळं संपलं. असवानच्या एका स्नेह्यानं निघताना त्याला ऐधाबमधल्या आपल्या मुनिमाच्या नावे चिठ्ठी दिली होती: नासिर मागेल ते द्या, पावती घ्या, मी बघतो. नाइलाजानं त्यानं ती पुढे केली. मुनिमानं शंभर मण पीठ दिलं आणि पावती असवानला धाडली. (हा मण आपला चाळीस शेरांचा नव्हे, तो बराच लहान.) नासिर निघायच्या आत उत्तर आलं: आणखी लागेल तर द्या, माझं संपलं तर तुमच्यातलं द्या, मी भरून देईन.

प्रवासाला उधारीवर निघालेल्या माणसाची याहून सुंदर हकिकत मी वाचलेली नाही. त्यात इनाम नाही, आकार नाही. फक्त एका माणसाचा शब्द आहे, आणि त्या शब्दाला वाळवंटापलीकडे किंमत आहे.

पण सगळा व्यवहार दोस्तीवर चालत नाही. व्यापाऱ्यांच्या अशा चिठ्ठीला अरबीत सुफ्तजा म्हणत. मी इथं तुम्हाला रक्कम कर्जाऊ दिली, तुमच्या माणसानं ती मला दुसऱ्या शहरात परत करायची. आपली हुंडीच ती. आता गंमत बघा. फुकहांना ही चिठ्ठी सरळ पचली नाही. हनफी विद्वानांचं म्हणणं, अशी अट घालून कर्ज दिलं तर ते मकरूह आहे. का? व्याज तर नाही! पण कर्ज देणाऱ्याला एक फायदा होतो: वाटेवरच्या लुटारूंची जोखीम टळते. आणि जे कर्ज देणाऱ्याला नफा ओढून आणतं ते सूदच्या दारात उभं असतं. शाफईंनी तर साफ मनाई केली. इब्न तैमियांसारख्या हंबली विद्वानांनी मात्र चालेल म्हटलं, कारण यात दोघांचाही फायदा आहे आणि नुकसान कुणाचंच नाही.

कुणाचंच नुकसान नाही, या अटीशी मी अडखळलो. कार्डाच्या बाबतीत ती लागू पडते का?

मुंबईपुरतं बोलायचं तर हजयात्रा आणि पैशाची सोय यांचं नातं जुनं आहे. जेद्दात पैसे संपून अडकलेले हाजी ही एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारची डोकेदुखी होती. 1886 मध्ये सरकारनं यात्रेकरूंची वाहतूक चक्क थॉमस कुक कंपनीकडे सोपवली. फायदा दिसेना तेव्हा 1893 मध्ये तिनं अंग काढून घेतलं. स्वातंत्र्यानंतर, 1959 मध्ये, रिझर्व्ह बँकेनं हाजींसाठी 10 आणि 100 रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या, त्यांवर इंग्रजीत 'हज' छापलेलं असे. आखातात आपलाच रुपया चालायचा आणि सोन्याच्या तस्करीतून तो परत येऊन आपली परकी गंगाजळी खात होता, म्हणून ही वेगळी नोट. बोटीनं गेलेल्या एका पिढीनं ती खिशात बाळगली.

इनाम मात्र या सगळ्यात कुठं नाही. ते अमेरिकेतून आलं. 1978 मध्ये तिथं विमानभाड्यावरचं सरकारी नियंत्रण उठलं, कंपन्या एकमेकींची गिऱ्हाइकं पळवू लागल्या. अमेरिकन एअरलाइन्सनं 1 मे 1981 रोजी उडालेल्या मैलांवर बक्षीस देणं सुरू केलं. युनायटेड पाठोपाठ आलीच. 1987 मध्ये सिटीबँकेनं अमेरिकनशी हातमिळवणी करून कार्ड काढलं आणि तिथून विमानात पाय न ठेवता मैल मिळू लागले. बँक कंपनीकडून मैल घाऊक विकत घेते आणि आपल्याला वाटते. हा धंदा किती फुगला? 2020 च्या साथीत विमानं जमिनीवर असताना युनायटेडनं आपली मैल योजना गहाण ठेवून कर्ज उभं केलं. त्या योजनेची किंमत सुमारे 22 अब्ज डॉलर धरली गेली, अख्ख्या कंपनीच्या त्या वेळच्या बाजारभावापेक्षा जास्त.

आणि मैलाची किंमत कंपनीच्या हातात. साहुकारानं हुंडी नाकारली तर त्याची पत बाजारात संपायची. विमान कंपनी एका रात्रीत तिकिटासाठी दीडपट मैल मागू शकते, आणि नियमावलीत तसं आधीच लिहिलेलं असतं. मैल साठवून ठेवू नयेत, हे भाचाही सांगतो.

आता अम्मीचा प्रश्न. पैसे दोन ठिकाणांहून येतात. एक, दुकानदाराकडून प्रत्येक व्यवहारामागे कापलेला आकार. तो मालाच्या किमतीत मिसळतो आणि रोखीनं घेणाऱ्यालाही पडतो. दोन, जे पूर्ण बिल भरू शकत नाहीत त्यांचं व्याज, आपल्याकडे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्हच्या अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये अमेरिकेचा हिशेब मांडला होता: रोखीनं चालणारं घर वर्षाला सरासरी 149 डॉलर देतं आणि कार्डवाल्या घराला 1,133 डॉलर मिळतात. गरिबाकडून श्रीमंताकडे, आणि दोघांनाही पत्ता नाही.

आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनं 2000 साली रियाधच्या बैठकीत ठरवलं, की करारात व्याजाची अट असलेलं उधारीचं कार्ड घेऊच नये, मुदतीत फेडायचा पक्का इरादा असला तरीही. आपल्याकडचे काही मुफ्ती वेळेवर पूर्ण फेडणाऱ्याला मुभा देतात. मी आजवर त्या मुभेवरच चालत आलो आहे. कार्डाशिवाय हॉटेलची खोलीसुद्धा आरक्षित होत नाही, हे माझं निमित्त. ते निमित्त आहे हे मला कळतं.

भाच्याला मी फोन केला. तो चिडला नाही, फक्त म्हणाला, "मामू, पॉइंट तुम्ही घेतले नाहीत तर बँकेलाच राहतील. गरिबाला थोडेच परत जाणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अखेर मी एकच कार्ड घेतलं, परदेशी आकार न लावणारं, आणि पूर्ण बिल आपोआप खात्यातून जाईल अशी सूचना बँकेला दिली. अम्मीचं तिकीट तिनं साठवलेल्या पैशांतून काढलं. माझ्या जुन्या कार्डावर आधीचे पॉइंट पडून होते, त्यांत माझं जेद्दापर्यंतचं तिकीट बसलं, परतीचं नाही. ते घ्यावं की नाही यावर आठवडाभर घातला आणि घेतलं. अम्मीला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, आपल्या बटव्यात रियाल मोजून ठेवत राहिली.