नाकारलेल्या अर्जाचे तीन वंशज

अमेरिकेत मेडिकेअर या मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या जोडीला जो पूरक विमा घेतात, त्याला मेडिगॅप म्हणतात. त्यातल्या ‘प्लॅन जी’मध्ये काय मिळणार, हे कायद्यानेच ठरलेले असते. 2025च्या आकड्यांप्रमाणे रुग्णालयात दाखल होताना पदरचे जे 1,676 डॉलर जातात, ते हा विमा भरतो. वर्षातले पहिले 257 डॉलर सोडले तर डॉक्टरांच्या बिलातला रुग्णाचा 20 टक्के वाटाही तोच उचलतो. कंपनी कोणतीही असो, यात फरक नाही.

हप्ते मात्र वेगवेगळे. हप्ता ठरवण्याच्या रीतीच तीन आहेत: सर्वांना एकच दर, विमा घेतानाच्या वयाशी बांधलेला दर, आणि वयाबरोबर दरवर्षी चढत जाणारा दर. या तिघींची कुळी शोधत गेले, तर वाट अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये, जेम्स डॉडसन नावाच्या गणिताच्या मास्तरांपाशी पोहोचते.

मधले टप्पे सर्वज्ञात आहेत. 30 जुलै 1965 रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. कायद्याने उघडा ठेवलेला खर्च भरून काढायला खासगी पॉलिसी आल्या आणि त्यांचा गोंधळ माजला. 1990च्या कायद्याने तो आवरला. 1992पासून ए ते जे अशा दहा ठरावीक साच्यांतच मेडिगॅप विकला जाऊ लागला. साचे बांधले गेले, पण दराची रीत कोणती, हे राज्यांवर आणि कंपन्यांवर सोडले गेले.

आता लंडन. तिथे 1706मध्ये ‘अ‍ॅमिकेबल सोसायटी’ स्थापन झाली होती. तरुण असो वा प्रौढ, सभासदाची वर्गणी सारखीच. जमलेल्या पैशांतून त्या वर्षी वारलेल्यांच्या वारसांना वाटा मिळे. सर्वांना एकच दर म्हटले की वयस्करांची गर्दी होणार आणि तरुण पाठ फिरवणार. म्हणून संस्थेने दारावरच वय तपासायला सुरुवात केली. पंचेचाळिशी ओलांडलेल्याला प्रवेश नाही. डॉडसन यांना याच कारणाने नकार मिळाला, असे त्यांच्या प्रेरणेतून उभ्या राहिलेल्या संस्थेच्या स्थापनेची कथा सांगते.

डॉडसन यांनी लंडनच्या मृत्युनोंदी घेतल्या आणि हिशेब मांडला. मरणाची शक्यता वयाबरोबर वाढते, म्हणून एकेका वर्षाचा विमा दरवर्षी महागतो. पण प्रवेशाच्या वयाला अनुसरून आरंभी थोडे जास्त घेतले आणि ते साठवले, तर पुढे वय वाढले म्हणून हप्ता वाढवावा लागत नाही. 1757मध्ये ते वारले. 1762मध्ये याच तत्त्वावर लंडनची ‘इक्विटेबल’ उभी राहिली. 

आरोग्यविम्याचे इतिहासकार या कुळकथेवर हरकत घेतील. त्यांच्या मते एकाच दराचे मूळ 1929च्या डॅलसमध्ये आहे. तिथे बेलर रुग्णालयाने शिक्षकांना महिना 50 सेंटमध्ये 21 दिवसांच्या उपचाराची हमी दिली आणि त्यातूनच पुढे ब्लू क्रॉस हे आरोग्यविम्याचे जाळे वाढले. हा दावा वजनदार आहे, कारण ब्लू क्रॉसने एकच दर खरोखरच देशभर नेला. पण डॅलसमधून तीनपैकी एकच रीत निघते. उरलेल्या दोघींना वेगळे आईबाप शोधावे लागतात. लंडनच्या एका भांडणात तिघी एकत्र सापडतात: अ‍ॅमिकेबलची सारखी वर्गणी, दरवर्षी चढणारा धोका, आणि त्यावर डॉडसन यांनी काढलेला तोडगा. मेडिगॅप विकणाऱ्यांत आयुर्विमा कंपन्याही होत्या; त्यांच्या विमागणितज्ञांच्या हातात डॉडसन यांचेच गणित होते. पूल तिथेच बांधला गेला असणार.

या कुळकथेने आजचे दर उलगडतात. न्यूयॉर्क आणि कनेटिकट राज्यांत दर एकच आणि दार वर्षभर उघडे, त्यामुळे पासष्टीच्या नव्या ग्राहकाला तिथला हप्ता जड जातो. फ्लोरिडात विमा घेतानाचे वय धरतात. बऱ्याच राज्यांत चढता दर चालतो. तो पासष्टीत सर्वांत स्वस्त दिसतो आणि ऐंशीत नेमका उलट. म्हणून दोन कंपन्यांचे आजचे आकडे शेजारी ठेवून भागत नाही. प्रत्येक आकडा कोणत्या रीतीचा, हे विचारावेच लागते. मुलांजवळ न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आणि पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर मेडिकेअरला पात्र ठरलेल्या मराठी आईवडिलांनाही हाच प्रश्न पडतो.

डॉडसन यांचा हिशेब सध्या मेडिगॅपच्याच ‘प्लॅन एफ’ या साच्याला लागू होतो आहे. 1 जानेवारी 2020पासून मेडिकेअरला नव्याने पात्र होणाऱ्यांना तो विकता येत नाही. जुने सभासद म्हातारे होत आहेत आणि खालून पासष्टीचे कोणी येत नाही. दराची रीत कोणतीही असली, तरी अशा गटाचा खर्च वाढतच जाणार. बाहेर पडून ‘प्लॅन जी’ घ्यावा, तर मेडिकेअरचा डॉक्टरांच्या बिलांचा ‘भाग बी’ सुरू झाल्यावर मिळणारी सहा महिन्यांची मुदत केव्हाच उलटलेली असते, आणि बहुतेक राज्यांत कंपनी प्रकृतीची चौकशी करून अर्ज नाकारू शकते.